धुरासाठी काढलेल्या विटा

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गात शिकवत होते. पर्समधला फोन थरथरत राहिला, मी उचलला नाही. तास संपल्यावर पाहिलं तर नितीनचे, माझ्या नवऱ्याचे, एकामागून एक फोन येऊन गेलेले. मी लावला. "बाबा गेले," तो म्हणाला. घरी पोहोचले तेव्हा ते मागच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत तसेच बसलेले होते. चहा झालेला, पेपर मांडीवर, चष्मा नाकावर. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. शेजारच्या काकूंनी डोळे पुसले आणि हळूच मला विचारलं, "इकडं मागं काहून बसत होते वं ते? समोर एवढा मस्त बगीचा आहे." समोरच्या गॅलरीतून बगीचा दिसतो हे खरं. मागच्या गॅलरीतून दिसते ती आमच्या इमारतीची कुंपणभिंत, तिच्यापलीकडचा नाला आणि नाल्यापलीकडची वस्ती. मामाजींना ती भिंत पाहायची असे. पण असं उत्तर अशा वेळी कुणाला देता येतं का? आता काही आठवडे उलटून गेलेत, घर जरा शांत झालंय, म्हणून ते इथे सांगून पाहते.

आमच्या विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात, तसे ते माझे मामाजी. नाव पुंडलिकराव. त्यांचे वडील नागपुरात गवंडीकाम करत. छप्पन साली आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मामाजी लहान होते. त्या गर्दीतलं त्यांना आठवत होतं ते एवढंच, की आपण वडिलांच्या खांद्यावर होतो आणि वरून सगळीकडे पांढरं पांढरं दिसत होतं. शिकले, इंजिनिअर झाले, आणि नोकरीची वाट पाहत घरी बसण्याऐवजी फौजेत गेले, इंजिनिअरांच्या पलटणीत. एकाहत्तरचं युद्ध त्यांनी पश्चिमेच्या सीमेवर पाहिलं. फौजेतून परतल्यावर उरलेली सगळी नोकरी कोराडीला वीजकेंद्राच्या बांधकाम विभागात केली आणि निवृत्तीनंतर आमच्यासोबत धरमपेठेच्या पलीकडच्या या इमारतीत राहायला आले. घरात त्यांचा एकही गणवेशातला फोटो नव्हता. फौजेत होते म्हणजे शिस्तीचे, करड्या आवाजाचे असतील अशी माझी लग्नाआधी समजूत होती. प्रत्यक्षात ते सगळ्यांना प्रश्न विचारत फिरणारे गृहस्थ निघाले. भाजीवाल्याला विचारत, हातगाडीचं हे चाक काहून मोठं? लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारत, ही नेहमी दुसऱ्याच मजल्यावर काहून अडकते? माणसं आधी वैतागत आणि मग तासभर बोलत बसत.

मी इतिहास शिकवते हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. मी पेपर तपासत बसले होते आणि ते माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "तुमच्या पुस्तकात लिहिते नं, अमका किल्ला पडला. पडला म्हणजे कुठून पडला?" मी म्हणाले, फितुरी झाली असेल, दारूगोळा संपला असेल. "फितुरी म्हटलं का सुटलो आपण," ते म्हणाले. "पण फितूर मानूस तरी कुठून बाहेर निघाला? त्याले वाट कोनी दाखवली? वाट तर आधीच असन नं." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता. नंतर एकदा आम्ही सगळे रामटेकला गेलो असताना वाट वाकडी करून नगरधनचा किल्ला पाहिला. नितीन आणि मी बुरुजावर चढलो, फोटो काढले. मामाजी खालीच. शोधायला गेले तर ते तटाला हात लावून आतल्या बाजूने चालत होते. "इथं सयपाक कुठं करत असतीन वं?" त्यांनी मला विचारलं. "एवढी मानसं, रोज दोन टाइम जेवत असतीन. धूर कुठून जाये? खरकटं कुठं फेकत?" मी म्हणाले, कुठे लिहिलेलं दिसत नाही. "हेच तर कोनी लिहीत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, उलट एखादी गंमत हाती लागल्यासारखा चेहरा होता.

भिंतींबद्दलचं त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते मत कोराडीच्या वसाहतीत तयार झालं असं मला आधी वाटायचं. वसाहतीला कुंपणभिंत होती. ती एकाच ठिकाणी फुटायची. विभागाची माणसं जाऊन विटा लावून यायची, काही दिवसांनी पुन्हा तिथंच खिंडार. आधीच्या साहेबांनी काचा लावल्या, काटेरी तार लावली. मामाजींकडे काम आल्यावर ते सकाळी जाऊन त्या खिंडारापाशी उभे राहिले. कोण येतं, कोण जातं ते पाहत बसले. डबे घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, रात्रपाळी करून आलेले कामगार. पलीकडे शहरात जाणाऱ्या बसचा थांबा होता, आणि मोठ्या फाटकातून गेलं तर राखेच्या ट्रकांच्या रस्त्याने भलामोठा वळसा पडत होता. मामाजींनी खिंडार बुजवलं नाही. तिथं लोखंडाचं फिरतं फाटक बसवलं, माणूस जाईल पण गाय आत येणार नाही असं. वरचे साहेब आधी रागावले, मग त्यांच्याच घरच्या बायका तिथून बसला जाऊ लागल्या तेव्हा गप्प बसले. त्यानंतर ती भिंत पुन्हा फुटली नाही. मामाजी मला म्हणत, "भिंत कुठं फुटली ते पाहात जा वं. जिथं फुटली, तिथं दार पाहिजे होतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरात कुणी फ्रिजचं दार उघडं टाकलं, तरी नितीन त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचा.

पण हे मत कोराडीचं नव्हतं, त्याहून जुनं होतं. ते मला कळलं आमच्या इमारतीच्या भिंतीवरून झालेल्या भांडणामुळे.

झालं असं, की आमच्या मागच्या भिंतीलाही एक खिंडार होतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया तिथून आमच्या इमारतीत धुण्याभांड्याला येत. आमच्याकडे येणारी सुनंदाही तिथूनच यायची. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मग पार्किंगमधून एक सायकल गेली, पाठोपाठ कुणाचं तरी गॅस सिलिंडर. सोसायटीची सभा बोलावली. खाली खुर्च्या मांडल्या, आणि सचिवांनी, जे निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि एरवी अतिशय सज्जन गृहस्थ, खिंडार बुजवून वर काचा लावण्याचा ठराव मांडला. मामाजी उठले. "चोर तिथून आला, हे कोनी पाहिलं?" त्यांनी विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. "मंग असं करा, तिथं दार करा. दाराले कुलूप लागते, भोकाले लागत नाही."

"काका, दार केलं म्हणजे आपणच त्यांना रस्ता दिल्यासारखं होईल," सचिव म्हणाले.

"रस्ता तर आहेच नं. आपन फक्त त्याच्याकडे पाहत नाही."

लोक हसले, पण हात ठरावाच्या बाजूने वर गेले. सगळ्या सभेत विरोधात दोघंच, मामाजी आणि मी. नितीन त्या दिवशी गावाला होता, आणि असता तरी त्याचा हात कुठे गेला असता याची मला खात्री नाही. दुसऱ्या दिवशी विटा आल्या, भिंत बंद झाली, वर फुटक्या बाटल्यांच्या काचा लागल्या. मामाजी गॅलरीतून सगळं पाहत होते. मला वाटलं, त्यांना अपमान वाटला असेल. मी चहा घेऊन गेले आणि म्हणाले, "मामाजी, सोडा आता." ते म्हणाले, "मले राग नाही आला. मी मोजून राहिलो, किती दिवसांनी फुटते ते." आणि मग एकदम म्हणाले, "बस. तुले एक सांगतो. किल्ला कुठून पडते, ते." तोवर इतक्या वर्षांत युद्धाबद्दल त्यांनी माझ्याजवळ एक अक्षरही काढलं नव्हतं.

सीमेपलीकडे एक कालवा होता आणि कालव्याच्या बांधात शत्रूने बंकर बांधले होते. समोरून जाड काँक्रीट, बंदुकीपुरती फट, वरून माती आणि माती धरून ठेवायला गवत. तोफेचा गोळा पडला तरी आतल्या माणसाच्या कपातला चहा सांडू नये असं काम, मामाजी म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात त्या अनोळखी इंजिनिअरबद्दल स्पष्ट कौतुक होतं. मामाजींच्या तुकडीचं काम पुढचे सुरुंग काढून पायदळाला वाट करून देण्याचं. त्यांनी ती करून दिली. पायदळाने एकामागून एक बंकर घेतले, पण एक मधला बंकर काही केल्या पडेना आणि माणसं जात राहिली. मग तोही पडला, अचानक. आत होते ते सगळे गेले. सकाळी वरिष्ठांनी मामाजींना बोलावलं. म्हणाले, तू बांधकामातला माणूस आहेस, जा, नीट पाहा, एवढा मजबूत बंकर कशाने पडला ते लिहून दे, आपल्यालाही उपयोगी पडेल.

मामाजी गेले. समोरची भिंत जशीच्या तशी. फटीच्या कडांवर गोळ्यांचे टवके, बाकी काही नाही. छप्पर शाबूत. ते वळसा घालून मागे गेले. मागची भिंत विटांची होती, कारण मागून कुणी येणार नाही असं धरून चाललेलं. त्या भिंतीत वरच्या बाजूला, हात जाईल एवढं भोक होतं. आधी त्यांना वाटलं, स्फोटाने पडलं असेल. मग त्यांनी त्याच्या कडा पाहिल्या. "तोडलेलं नव्हतं वं ते," ते मला म्हणाले आणि हाताने हवेत कडा दाखवू लागले. "आधी सांधे खरडले होते, बारीक, चमच्यानं का संगिनीनं कोन जाने. आन मंग वीट अशी अल्लग ओढून घेतली होती. एक कोपरा तुटला नव्हता. खाली पाहिलं, तं त्या विटा भिंतीले टेकवून रचून ठेवल्या होत्या, नीट, एकीवर एक. जसं कोनी म्हणते, का लढाई झाली का परत लावून देऊ... माझे बाबा असेच काढत वीट. मी पाहिलं आन मले समजलं, हा कोनी तरी गवंडी आहे." आत चूल होती. तीन दगडांची, तिच्यावर काळीठिक्कर किटली. भोकाच्या मापाचा एक पत्रा, रात्री उजेड दिसू नये म्हणून आतून बसवायला केलेला. ज्याने बंकर आखला त्याने तोफेचा विचार केला होता, रणगाड्याचा केला होता, पण डिसेंबरच्या थंडीत आतला माणूस चहा करेल आणि त्या चुलीचा धूर कुठून तरी जावा लागेल, हे त्याच्या नकाशात नव्हतं. आमच्या एका जवानाला अंधारात त्या पत्र्याच्या कडेने लाल रेघ दिसली, तो सरपटत मागे गेला आणि पत्रा ढकलून त्याने भोकातून हातगोळा आत टाकला.

कैद्यांमध्ये त्या बंकरचा एक जण जिवंत होता. हल्ल्याच्या वेळी तो पाणी आणायला बाहेर पडला होता. पण तो कोण हे मामाजींना माहीत नव्हतं. ते कैद्यांसमोर गेले आणि विचारलं, ईंटें किसने निकालीं? कुणी बोलेना. सगळे खाली पाहत उभे. मामाजी म्हणाले, "बहुत सफाई से निकाली हैं. मेरे पिताजी भी यही काम करते हैं, नागपुर में." तेव्हा मागच्या रांगेतल्या एकाने मान वर केली. साधारण मामाजींच्याच वयाचा. म्हणाला, "मैंने, साहब. अंदर धुआँ बहुत था."

"किसी ने मना नहीं किया?"

"सूबेदार साहब ने बहुत डाँटा था. फिर वो भी वहीं बैठकर चाय पीने लगे."

हे सांगताना मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मग ते आपल्या बाजूची गोष्ट सांगू लागले आणि ती त्यांना जास्त महत्त्वाची वाटत होती. ते परत आपल्या मोर्च्यांवर आले. आपले बंकर त्यांनीच बांधून घेतले होते, रोज पाहणी करत होते आणि त्यांच्या मते त्यात कुठेही भोक नव्हतं. त्या दिवशी ते न सांगता, वेळ सोडून गेले. एका बंकरमध्ये दारूगोळ्याची पेटी भिंतीपासून जरा सरकवलेली होती आणि तिच्या मागे उजेड. दुसऱ्यात भिंतीवरची घोंगडी वर गुंडाळलेली, तिच्या मागे उजेड. साहेब येणार असले की पेटी जागेवर जायची, घोंगडी खाली यायची. "एक बी बंकर बिनाभोकाचा नव्हता," ते म्हणाले. "आन मी रोज जात होतो नं पाहाले! पाहाले जात होतो, म्हनूनच दिसत नव्हतं." त्यांनी कुणालाही शिक्षा केली नाही. डांबराची रिकामी पिंपं कापून नळकांडी करवली, त्यांना दोन वळणं दिली, म्हणजे धूर जाईल आणि बाहेरून काही आत येणार नाही, उजेडही दिसणार नाही. एक जवान त्यांना म्हणाला, "साहब, आपने कभी पूछा ही नहीं." त्या दिवसापासून, मामाजी म्हणाले, मी विचारायला लागलो. मला एकदम भाजीवाल्याच्या हातगाडीचं चाक आठवलं, लिफ्ट आठवली, नगरधनच्या तटाला हात लावून चालणारे मामाजी आठवले.

"आणि त्या गवंड्याचं काय झालं?" मी विचारलं.

"काय होते? कैदी होते, गेले असतीन परत," ते म्हणाले आणि कप घेऊन उठले. मला जाणवलं की गोष्ट इथे संपलेली नाही. पण त्यांना नको असेल ते ओढून काढायचं नाही, एवढं मी त्या घरात शिकले होते.

इकडे आमची भिंत फुटलीच. त्याच जागी नाही, जनरेटरच्या खोलीमागे, जिथे कुणाची नजर जात नाही. मामाजींना ते गॅलरीतून सगळ्यांच्या आधी दिसलं होतं आणि त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, मलाही नाही. मधल्या काळात सुनंदा मोठ्या रस्त्याने वळसा घालून घामाघूम होऊन यायची, ती अचानक वेळेवर येऊ लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामाजी एका सकाळी काठी घेऊन खाली गेले, खिंडारापाशी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारू लागले, किती घरं करता, किती वाजता परत जाता, पावसात नाला कसा ओलांडता. बाया आधी बिचकल्या. म्हाताऱ्याला समितीनेच बसवलंय असं त्यांना वाटलं. मग सुनंदा त्यांना म्हणाली, "बाबाजी तसे नाहीत वं, त्याइले नुसतं इचाराले आवडते." पुढच्या सभेत मामाजी सगळं सविस्तर बोलले. तोवर समितीनेही ते खिंडार दोनदा बुजवून पाहिलं होतं आणि ती कंटाळली होती. शेवटी दार झालं. लोखंडी, हिरव्या रंगाचं, कुलूप असलेलं. सकाळी उघडायचं आणि कामं आटोपली की बंद, असं ठरलं. मामाजींना दाराचा आनंद झाला, वेळेचं मात्र पटलं नाही. "अर्धं दार केलं त्याइनं," ते म्हणायचे. पण पुन्हा सभा बोलावण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. गेल्या वर्षभरात ते बरेच थकले होते.

मागच्या थंडीत एका दुपारी आम्ही दोघं गॅलरीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. हिरवे सोले वाटीत पडत होते. मामाजी आजकाल बोलता बोलता मध्येच थांबत, आणि पुन्हा सुरू करत तेव्हा विषय भलताच असे. तसे ते एकदम म्हणाले, "त्यानं मले एक इचारलं होतं."

"कुणी, मामाजी?"

"गवंड्यानं."

मी शेंगा खाली ठेवल्या. ते सोलत राहिले. त्या सकाळी त्यांचं बोलणं झाल्यावर ते वळले, तेव्हा त्या कैद्याने मागून हाक मारली होती. त्याच्या बंकरमधली माणसं बाहेर काढून न्यायचं काम कैद्यांनाच दिलेलं होतं, त्यात तोही होता. सूबेदार साहेबांनाही त्यानेच उचललं होतं. त्याने विचारलं, "साहब, आपके लोग वहीं से आए थे न? मेरे वाले से?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, नाही. दरवाजे से आए. त्या भोकाचं कोनाले माहीतच नव्हतं, म्हटलं. आम्हाले बी आत्ताच दिसलं." त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "रिपोर्टात मी खरं लिहिलं. मागच्या भिंतीत धुराचं भोक, बंकर तिथून पडला, असंच लिहिलं. त्याच दिवशी, ह्याच हातानं... आन त्याले असं सांगतलं."

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी विचारलं, "त्याला पटलं का हो?"

मामाजी भिंतीकडे पाहत होते. "पत्रा त्यानंच बसवला होता वं. पत्रा आतमध्ये, चुलीवर वाकून पडला होता. बाहेरून ढकलल्याशिवाय तसा पडत नाही. मी पाहिलं एका नजरेत. मानसं काढाले तो आत गेला होता, त्यानं पाहिलं नसन का?"

"मग काही बोलला तो?"

"शुक्रिया म्हणे," मामाजी म्हणाले. "दुसरं काहीच नाही. शुक्रिया साहब, म्हणे."

मी कितीतरी दिवस त्यावर विचार करत होते, अजून करते. तो माणूस खोट्याबद्दल आभार मानत होता, की समोरच्याने आपल्यासाठी खोटं बोलायचे कष्ट घेतले याबद्दल? की खरंच त्याने विश्वास ठेवला आणि पत्र्याचा अर्थ आपण मागाहून लावतोय? मामाजींना हे विचारायचं मी ठरवलं होतं. विचारलं असतं तर त्यांनी आणखी चार प्रश्न काढले असते. त्यांना पन्नास वर्षं ज्याचं उत्तर मिळालं नाही, त्याबद्दल त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. तो कुठे असेल, पुन्हा गवंडीकाम करत असेल का, स्वतःच्या घराला धुराडं कसं ठेवलं असेल, हेही ते त्या दुपारी म्हणाले होते. मग सोल्यांची वाटी माझ्याकडे सरकवून ते आत जाऊन झोपले.

ते गेल्यावर काही दिवसांनी आम्ही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत ठेवला. संध्याकाळची वेळ. बुद्धवंदना झाली, नातेवाईक बोलले, कोराडीचे जुने सहकारी बोलले, सचिवही बोलले. मी मागे, मोठ्या फाटकापाशी उभी होते. मध्येच पाहिलं तर जनरेटरच्या खोलीजवळ वस्तीतल्या दहाबारा बाया येऊन बसल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन. सुनंदा पुढे. मोठ्या फाटकाकडे तर मी स्वतः पाहुण्यांना घ्यायला उभी होते, तिथून त्या आल्या नव्हत्या. हिरव्या दाराला कुलूप होतं. चावी पहारेकऱ्याकडे, आणि तो माझ्या शेजारी हात जोडून उभा. कार्यक्रम झाला, बाया जेवल्या, पातेली उचलायला लागल्या, आणि मी वळून पुन्हा पाहिलं तर निघूनही गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीच्या कडेकडेने पूर्ण चक्कर मारली. कुठे वीट सैल नव्हती, कुठे काच तुटलेली नव्हती. जनरेटरमागे पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. काही नाही. नंतरही काही सकाळी मी तशी फिरले. घरातलं पहिलं काम सोडून चपला घालून खाली जायचं, हे माझं कधी सुरू झालं ते मला कळलंही नाही. नितीन एकदा म्हणाला, "तू बाबांसारखी करायला लागलीस." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नाही, बाबांसारखं करत नाहीये मी. मी नुसती पाहणीला जातेय, विचारलं कुणालाच नाही.

त्या दिवशी सुनंदा भांडी घासत होती. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "सुनंदा, त्या संध्याकाळी तुम्ही सगळ्या कुठून आल्या होत्या?"

तिचा हात थांबला. नळ तसाच वाहत होता. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगतलं, तं बुजवून नाही नं टाकान, ताई?"

मी म्हणाले, "नाही."

मग तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चला मंग."